थरयुक्त पेरोव्हस्काइट सौरघटाची कार्यक्षमता कशी वाढवावी

थरयुक्त पेरोव्हस्काइटचा (पापुद्र्यांसारख्या थरांनी बनलेल्या, प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकाचा) पहिला सौरघट तयार करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा एक-दोन टक्क्यांचीच कार्यक्षमता येते. मग तो रसायनांची शुद्धता, काचेची प्रत, मोजमापाचे यंत्र अशा एकेका गोष्टीवर संशय घेत महिना घालवतो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा यांपैकी कशातच नसतो. काचेवर चढवलेल्या पातळ लेपातले, म्हणजे फिल्ममधले, थर आडवे पडलेले असतात, आणि आडव्या थरांतून वीज वर चढत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून पदव्युत्तर प्रकल्पासाठी या विषयाकडे वळणाऱ्या आपल्या मुलांनी दहावीपर्यंतचे शास्त्र मराठीत शिकलेले असते आणि पुढचे सारे इंग्रजीत वाचायचे असते. प्रयोगाच्या टेबलावर शेजारी ठेवता येईल असे एक टिपण त्यांच्या भाषेत असावे, म्हणून हे लिहीत आहे. स्पिन कोटर (काच वेगाने फिरवून द्रावणाचा पातळ लेप पसरवणारे यंत्र), हॉट प्लेट, ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या वायूची हवाबंद पेटी) किंवा निदान कोरड्या हवेची पेटी, आणि धातूचा थर चढवणारे निर्वात यंत्र एवढे साहित्य उपलब्ध आहे असे येथे धरले आहे.

रचना

पेरोव्हस्काइट हे मूळ नाव उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे आहे. १८३९ साली गुस्ताव्ह रोझ यांनी ते ओळखले आणि लेव्ह पेरोव्हस्की यांच्यावरून त्याला नाव मिळाले. सौरघटात ते खनिज वापरत नाहीत. तशीच अणुरचना असलेले, पण शिसे, आयोडीन आणि मिथिलअमोनियमसारखा लहान सेंद्रिय आयन यांचे बनलेले स्फटिक वापरतात. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका आणि सहकाऱ्यांनी अशा पदार्थाचा ३.८ टक्के कार्यक्षमतेचा घट केला, आणि आज प्रयोगशाळेतले लहान घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. मात्र हा त्रिमितीय पदार्थ ओलाव्यापुढे टिकत नाही, आणि जून ते सप्टेंबर ज्या गावात धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत तिथे हा दोष फार लवकर नजरेस येतो.

थरयुक्त प्रकारात ब्युटिलअमोनियम किंवा फेनेथिलअमोनियम यांसारखा लांब सेंद्रिय आयन मिसळतात. तो स्फटिकाच्या जाळीत मावत नाही, त्यामुळे जाळीचे पापुद्रे सुटे होतात आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये हे लांब आयन अस्तरासारखे बसतात. एका पापुद्र्यात शिसे-आयोडीनच्या अष्टफलकांचे किती पदर आहेत, ती संख्या ‘एन’ या अक्षराने दाखवतात. एक पदर वाढला की पापुद्र्याची जाडी सुमारे ०.६३ नॅनोमीटरने वाढते. लांब आयनाची शेपटी पाण्याला दूर ठेवते, म्हणून हा पदार्थ दमट हवेत जास्त टिकतो. पण तीच शेपटी विजेलाही अडवते. या पदार्थाचा गुण आणि दोष असे एकाच अस्तरात आहेत, त्यामुळे अस्तर काढून टाकून प्रश्न सुटत नाही, त्याची दिशा बदलावी लागते.

खानापूरकडची कौले गाडीत रचताना ती उभी लावतात आणि फटींत पेंढा कोंबतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. उभ्या कौलावरून मुंगी गाडीच्या तळापासून वरपर्यंत सरळ चढू शकते, मध्ये पेंढा ओलांडावा लागत नाही. हीच कौले आडवी एकावर एक ठेवली, तर प्रत्येक कौलानंतर तिला पेंढ्याचा एक थर पार करावा लागेल. सौरघटात इलेक्ट्रॉनला खालच्या इलेक्ट्रोडपासून वरच्या इलेक्ट्रोडपर्यंतच जायचे असते. पापुद्रे काचेवर उभे राहिले पाहिजेत, हे या साऱ्या लेखाचे सूत्र आहे.

आधी तोट्याचा हिशेब

सुधारणा सुरू करण्यापूर्वी जुन्या घटाचे तीन आकडे वेगळे लिहावेत: खुल्या मंडलातील व्होल्टेज, लघुमंडलातील प्रवाह आणि फिल फॅक्टर (कमाल शक्तीला पहिल्या दोहोंच्या गुणाकाराने भागून येणारा अपूर्णांक). प्रयोगशाळेत आपण त्यांना व्हीओसी, जेएससी आणि एफएफ म्हणतो. प्रमाणित प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट असतो, त्यामुळे व्होल्टमधला पहिला आकडा, दर चौरस सेंटिमीटरच्या मिलिअँपिअरमधला दुसरा आणि अपूर्णांकातला तिसरा यांचा गुणाकार थेट टक्क्यांत कार्यक्षमता देतो. २०१६ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेतील आदित्य मोहिते यांच्या गटाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मर्कुरी कनात्झिडिस यांच्या गटासोबत जो घट प्रसिद्ध केला, त्यात व्होल्टेज १.०१, प्रवाह १६.७६ आणि फिल फॅक्टर ०.७४ होता, म्हणजे कार्यक्षमता साडेबारा टक्के. त्याआधी २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये हेमामाला करुणदास यांच्या गटाने फेनेथिलअमोनियमच्या थरयुक्त पदार्थापासून ४.७३ टक्के मिळवले होते. चारपासून बारापर्यंतची उडी मुख्यतः थर उभे करण्यातून आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या घटात व्होल्टेज एकाच्या आसपास असून प्रवाह चार-पाचच असेल आणि फिल फॅक्टर ०.४ च्या खाली असेल, तर थर आडवे आहेत असे आधी समजावे आणि तपासणी तिथूनच सुरू करावी. प्रवाह चांगला असून व्होल्टेज कमी असेल, तर दोष बहुधा फिल्म आणि तिला लागून असलेले थर यांच्या सीमेवर, किंवा फिल्ममधल्या छिद्रांत असतो. तिन्ही आकडे एका घटात चांगले आणि शेजारच्या घटात शून्याजवळ येत असतील, तर रसायनशास्त्र सोडून काचेची सफाई पाहावी. ट्रान्सपरंट ऑक्साइडची (वीजवाहक पारदर्शक थर असलेली) काच साबणाचे पाणी, शुद्ध पाणी, अॅसिटोन आणि आयसोप्रोपॅनॉल यांत प्रत्येकी पंधरा मिनिटे अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवून, वाळवून, पुन्हा पंधरा मिनिटे यूव्ही-ओझोनखाली ठेवणे पुरेसे होते.

‘एन’ किती ठेवावा

एन वाढला की पदार्थ जास्त प्रकाश शोषतो आणि कमी टिकतो. ब्युटिलअमोनियमच्या मालिकेत एन १ असताना बँड गॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो, म्हणजे लाल प्रकाश वाया जातो. एन ४ ला तो १.९ च्या आसपास येतो, आणि त्रिमितीय पदार्थात १.५५ ते १.६ असतो. दुसरी अडचण अशी की कमी एनच्या पापुद्र्यात प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची मागे राहिलेली रिकामी जागा एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. एन १ मध्ये ही पकड काही शे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची असते, तर खोलीच्या तापमानाची ऊष्मा केवळ २५-२६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट देते. ही जोडी तुटलीच नाही तर वीज मिळणार कुठून? म्हणून सौरघटासाठी एन ३ ते ५ ही मर्यादा योग्य आहे. मी नवख्या विद्यार्थ्याला एन ४ घ्यायला सांगतो, कारण त्यावर प्रसिद्ध माहिती भरपूर आहे आणि चूक झाली तर कुठे झाली हे ताडून पाहता येते.

द्रावण

एन ४ च्या सूत्रात ब्युटिलअमोनियम आयोडाइड, मिथिलअमोनियम आयोडाइड आणि लेड आयोडाइड यांचे प्रमाण मोलमध्ये २, ३ आणि ४ असे असते. शिशाची संहती एक मोलर ठेवायची असेल, तर एक मिलिलिटर विद्रावकासाठी लेड आयोडाइड ४६१ मिलिग्रॅम, मिथिलअमोनियम आयोडाइड ११९ मिलिग्रॅम आणि ब्युटिलअमोनियम आयोडाइड १००.५ मिलिग्रॅम लागते. विद्रावक म्हणून डायमिथिलफॉर्मामाइड, किंवा त्यात थोडा डायमिथिल सल्फॉक्साइड मिसळून वापरावा. दुसरा विद्रावक शिशाच्या आयनाला धरून ठेवतो आणि स्फटिक बनण्याची घाई कमी करतो. पण त्याचा उत्कलनबिंदू १८९ अंश आहे, पहिल्याचा १५३, त्यामुळे त्याचे प्रमाण फार वाढवले तर तो फिल्ममध्ये अडकून राहतो.

येथे एक चूक फार होते. ब्युटिलअमोनियम आयोडाइड हवेतला ओलावा पटकन ओढून घेते. बाटलीतल्या पुडीत वजनाने पाच टक्के पाणी असेल, तर आपण तोललेल्या शंभर मिलिग्रॅममध्ये खरे रसायन पंचाण्णवच असते. मग सरासरी एन चारऐवजी ४.२ होतो, त्याला पुरेसे मिथिलअमोनियम द्रावणात नसते आणि थोडे लेड आयोडाइड मोकळे राहते. म्हणून हे रसायन निर्वात ओव्हनमध्ये वाळवावे, लहान-लहान बाटल्यांत वाटून ठेवावे आणि एका वेळी एकच बाटली उघडावी. द्रावण ६० ते ७० अंशांवर काही तास ढवळावे आणि वापरण्यापूर्वी ०.४५ किंवा ०.२२ मायक्रोमीटरच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळावे.

थर उभे करणे

उभ्या थरांसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे गरम काचेवर गरम द्रावण ओतून फिरवणे. २०१६ च्या त्या कामात हेच केले होते. काच हॉट प्लेटवर दहा मिनिटे तापवावी आणि द्रावण ७० अंशांवर ठेवावे. काच चिमट्याने उचलून लगेच स्पिन कोटरवर ठेवावी, त्यावर सुमारे ८० मायक्रोलिटर द्रावण सोडावे आणि मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या वेगाने वीस सेकंद फिरवावे. वेग हळूहळू न वाढवता एकदम द्यावा.

असे केल्याने थर उभे का राहतात? स्फटिकाचे पहिले बीज बहुधा द्रावणाच्या वरच्या पृष्ठावर, जिथे विद्रावक उडत असतो तिथे, तयार होते आणि तिथून स्फटिक खाली वाढत जातो. विद्रावक झपाट्याने उडाला तर शिसे-आयोडीनच्या पापुद्र्याची वाढ खालच्या दिशेने लवकर होते आणि लांब आयनांना आडवी सतरंजी अंथरायला वेळ मिळत नाही. काच थंड असेल तर काचेजवळच कमी एनची बीजे पडतात, आणि लांब आयनांच्या सपाट ओळी काचेला समांतर बसतात.

प्रत्यक्ष करताना सारे यश काच उचलण्याच्या त्या चार-पाच सेकंदांत असते. बेळगावचे मांडे ज्यांनी करताना पाहिले आहेत त्यांना हे लगेच पटेल. पालथ्या तापलेल्या भांड्यावर मांडा टाकताना हात थबकला तर तो कुठे जाड, कुठे कच्चा होतो, तसेच इथे आहे. हॉट प्लेटवर ११० अंश दिसत असले तरी पातळ काच हवेतून नेताना थंड होते, आणि स्पिन कोटरच्या धातूच्या थंड बैठकीवर टेकली की उरलेली उष्णता बैठक ओढून घेते. आमच्याकडे एका विद्यार्थिनीच्या फिल्म सकाळी गडद तपकिरी आणि दुपारी पिवळट लाल येत होत्या. रसायने तीच, तापमान तेच. शेवटी प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, “मॅडम, सकाळी तुम्ही हॉट प्लेट यंत्राजवळ ठेवता, दुपारी ती खिडकीजवळ असते.” तेव्हा आम्ही अंतर मोजले. हॉट प्लेट आणि स्पिन कोटर यांच्यामध्ये वीतभरापेक्षा जास्त जागा ठेवू नये, बैठकीवर उष्णतारोधक प्लास्टिकची चकती बसवावी, आणि काचेचे खरे तापमान पृष्ठभागावर टेकवायच्या थर्मोकपलने बैठकीवर ठेवल्यावर मोजावे. मग ११०, १३० आणि १५० अंशांच्या तीन तुकड्या करून पाहाव्यात. त्यापुढे फिल्ममधून मिथिलअमोनियम निघून जाऊ लागते.

फिल्मकडे डोळ्यांनी पाहायलाही शिकावे. काच फिरू लागताच फिकट पिवळा द्रव क्षणभर पारदर्शक राहतो, मग एका टोकाकडून लालसर छटा धावत जाते आणि पृष्ठभाग आरशासारखा तपकिरी होतो. ही छटा धावताना अडखळली, किंवा मध्यभागी गोल डाग राहिला, तर द्रावण सोडायला उशीर झाला असे समजावे. फिल्म दुधाळ दिसली तर हवेत ओलावा जास्त आहे. नंतर १०० अंशांवर दहा मिनिटे तापवणे बहुधा पुरते. कडेने पिवळा रंग दिसू लागला की लेड आयोडाइड सुटू लागले आहे, तिथे थांबावे. वळवाच्या दिवसांत दुपारी वीज जाते आणि तापवणे अर्धवट राहते. अशा काचा पुन्हा तापवून वापरू नयेत, त्या वेगळ्या काढून ठेवाव्यात.

गरम काच शक्य नसेल किंवा तिने पुरेसा फरक पडत नसेल, तर पूरक रसायने वापरावीत. यांत अमोनियम थायोसायनेट सर्वांत परिणामकारक ठरले आहे. २०१७ साली फेनेथिलअमोनियमच्या एन ५ असलेल्या घटात केवळ ते मिसळून कार्यक्षमता ०.५६ टक्क्यांवरून ११.०१ टक्क्यांवर गेली, आणि तीही काच न तापवता. थायोसायनेट शिशाशी तात्पुरते बांधले जाते, काचेजवळ पडणाऱ्या बीजांची संख्या कमी करते आणि स्फटिकाला सावकाश, उभे वाढू देते. लेड आयोडाइडच्या मोलच्या तुलनेत ५, १०, २० आणि ४० टक्के अशी मालिका करावी. मिथिलअमोनियम क्लोराइड आणि अमोनियम क्लोराइड हेही उपयोगी आहेत, क्लोरीन तापवताना बहुतांश निघून जाते. मात्र दोन पूरक रसायने एकाच आठवड्यात सुरू करू नयेत. आकडा वाढला तरी कशामुळे वाढला हे कळत नाही, आणि पुढच्या तुकडीत तो घसरला की परतीची वाट सापडत नाही.

थर खरोखर उभे आहेत का

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (क्ष-किरण स्फटिकावरून कोणत्या कोनांत वळतात ते मोजणाऱ्या चाचणीत) उभ्या थरांच्या फिल्मला सुमारे १४.२ आणि २८.४ अंशांवर दोन टोकदार शिखरे मिळतात आणि १२ अंशांच्या खाली जवळपास काहीच दिसत नाही. खालच्या कोनांत समान अंतरावर शिखरांची ओळ दिसली तर थर आडवे आहेत. १२.७ अंशांचे शिखर मात्र लेड आयोडाइडचे असते, त्याला आडव्या थराचे समजू नये. ज्या महाविद्यालयात हे यंत्र नाही त्यांनी एका बाजूला धारवाड आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूर ही दोन विद्यापीठे ध्यानात ठेवावीत. शिवाजी विद्यापीठात पातळ फिल्मवरच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे, आणि तिथे बोलायची भाषाही आपलीच आहे. काचा बसने नेताना घट्ट झाकणाच्या डब्यात निळे सिलिका जेल घालून न्याव्यात. पोहोचेपर्यंत दाणे गुलाबी झाले असतील तर त्या नमुन्यांच्या निकालावर विसंबू नये.

दुसरी चाचणी स्वस्त आहे. साध्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर शोषणाचा आलेख काढावा. एन २ चे शिखर ५७० नॅनोमीटरच्या आसपास, एन ३ चे ६१० च्या आणि एन ४ चे ६४० च्या आसपास येते. आपण एन ४ चे द्रावण केले तरी फिल्ममध्ये बहुधा तिन्ही सापडतात, कारण द्रावणातले प्रमाण ही केवळ सरासरी असते. फ्लुओरेसन्सचे यंत्र (प्रकाश पाडल्यावर फिल्म स्वतः जो प्रकाश सोडते तो मोजणारे) असेल तर प्रकाश एकदा काचेच्या बाजूने आणि एकदा फिल्मच्या बाजूने पाडावा. बहुतेक फिल्ममध्ये काचेकडून कमी एनच्या रेषा ठळक येतात आणि वरून जास्त एनच्या.

हा उतार वाया जाऊ द्यायचा नाही. कमी एनकडे होल (इलेक्ट्रॉनची मागे राहिलेली रिकामी जागा) आणि जास्त एनकडे इलेक्ट्रॉन ओढला जातो, म्हणून काचेच्या बाजूला होल गोळा करणारा थर आणि वर इलेक्ट्रॉन गोळा करणारा थर अशी मांडणी या फिल्मला मानवते. काचेवर पीडॉट-पीएसएस (होल गोळा करणारा), वर पेरोव्हस्काइट, मग पीसीबीएम (इलेक्ट्रॉन गोळा करणारा), पातळ बीसीपी आणि चांदी, हा क्रम सुरुवातीला ठीक आहे. पीडॉट आम्लधर्मी आहे आणि पाणी धरतो, त्यामुळे व्होल्टेज एकाच्या वर नेताना पीटीएए किंवा निकेल ऑक्साइड या होल गोळा करणाऱ्या दुसऱ्या थरांकडे वळावे लागते. पीटीएएवर द्रावण पसरत नाही, ते थेंबाथेंबाने गोळा होते. त्याआधी शुद्ध डायमिथिलफॉर्मामाइडचा एक हात फिरवून घेतला तर अडचण कमी होते. फिल्मची जाडी २०० ते ४०० नॅनोमीटर ठेवावी. जाडी वाढवून प्रवाह वाढत नसेल आणि फिल फॅक्टर घसरत असेल, तर थर पूर्ण उभे नाहीत याचा तो आणखी एक पुरावा समजावा.

लांब आयन बदलणे

मांडणी स्थिर झाल्यावरच लांब आयनाला हात लावावा. फेनेथिलअमोनियमच्या कड्यावर एक फ्लोरिन बसवलेला आयन पापुद्रे अधिक नीट रचतो. दोन टोकांना अमोनियम गट असलेला आयन वापरला, तर वरच्या आणि खालच्या पापुद्र्याला तो एकटाच जोडतो. शेपट्यांच्या दोन ओळींऐवजी एकच ओळ राहते आणि अस्तर पातळ होते. या प्रकाराला डिऑन-जेकबसन म्हणतात, तर आधी सांगितलेल्या प्रकाराला रडल्सडन-पॉपर. मोहिते यांच्याच गटाने पुढे राइस विद्यापीठातून दाखवले की काही थरयुक्त पदार्थांवर प्रमाणित प्रकाश दहा मिनिटे पडला की पापुद्र्यांमधले अंतर सुमारे एक टक्क्याने आकसते, वीज ओलांडणे सोपे होते, आणि त्यांच्या घटाची कार्यक्षमता १५.६ वरून १८.३ टक्क्यांवर गेली. यातून आपल्याला एक साधी सवय घेता येते. घट प्रकाशाखाली ठेवून शून्य, पाच आणि दहा मिनिटांनी मोजावा आणि तिन्ही आकडे लिहावेत.

पावसाळा

बेळगावचा पाऊस हा प्रयोगाचाच एक घटक मानावा. आर्द्रतामापक स्पिन कोटरच्या शेजारी ठेवावा, भिंतीवर नव्हे, आणि प्रत्येक काचेसमोर त्याचा आकडा वहीत लिहावा. ग्लोव्ह बॉक्स नसेल तर अॅक्रिलिकच्या पेटीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडून आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली आणावी. तेही जमत नसेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये नव्या फिल्म करण्याऐवजी जुन्या घटांचा टिकाऊपणा मोजावा आणि हिशेब पुरे करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. थरयुक्त पदार्थ तयार झाल्यावर ओलावा सोसतो, तयार होत असताना सोसत नाही.

मोजताना

घटाच्या क्षेत्राएवढे भोक पाडलेला धातूचा काळा मुखवटा लावल्याशिवाय एकही आकडा लिहू नये. आमच्या एका तुकडीचा प्रवाह फार चांगला आला म्हणून आम्ही आनंदात होतो, आणि मुखवटा लावल्यावर तो जवळजवळ एक चतुर्थांश कमी झाला. कडेचा प्रकाश आम्ही आपल्याच खाती जमा केला होता. दिव्याची तीव्रता प्रमाणित सिलिकॉन घटाने त्याच दिवशी जुळवावी. व्होल्टेज वरून खाली आणि खालून वर, असे दोन्ही बाजूंनी आलेख काढावेत. दोहोंत मोठा फरक असेल तर कमाल शक्तीच्या बिंदूवर घट काही मिनिटे धरून ठेवावा आणि स्थिर झालेला आकडाच खरा मानावा. तरंगलांबीनुसार क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांमागे किती इलेक्ट्रॉन मिळतात ते) मोजता आली तर तिच्या बेरजेतून येणारा प्रवाह आलेखातल्या प्रवाहाशी ताडावा. एका पद्धतीचे निदान दहा-बारा घट करून सरासरी आणि सर्वोत्तम दोन्ही नोंदवावेत. सर्वोत्तम घट योगायोगाचाही असू शकतो, सरासरी मात्र पद्धत सांगते.

शेवटी हातांबद्दल. लेड आयोडाइड विषारी आहे, आणि डायमिथिल सल्फॉक्साइड कातडीतून आत जाताना त्यात विरघळलेले शिसे सोबत नेऊ शकते. पातळ नायट्राइल मोजे दुहेरी घालावेत, थेंब पडताच वरचा मोजा बदलावा आणि द्रावणे धुराड्याखालीच हाताळावीत. स्पिन कोटरमधला पुसलेला कागद, तुटलेल्या काचा आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात जाऊ देऊ नयेत. झाकणाची वेगळी बाटली आणि वेगळा डबा ठेवावा, त्यावर ‘शिसे’ असा शब्द मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लिपींत ठळक लिहावा, म्हणजे संध्याकाळी झाडलोट करायला येणाऱ्या बाईंनाही तो वाचता येईल, आणि भरलेला डबा घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच सोपवावा.